दिवसरात्र कुरणात असलेली तट्टं नुसत्या गवतावर जाड होत आहेत. मुसकं घालावं की चारा कमी करावा?

तुम्ही लिहिलंय की तुमची दोन तट्टं बारा महिने उघड्या कुरणात असतात, तबेला नाही, चंदी देत नाही, ‘वर काहीच घालत नाही’, तरी ती फुगत चालली आहेत. ते चार शब्द वाचले आणि मला राहवलं नाही. माझा दादा तीन वर्षं हेच म्हणत होता, आणि त्या तीन वर्षांची किंमत माझ्या घोडीच्या पायांनी मोजली.

गवत हाच खुराक आहे. चांगल्या कुरणात मोकळं सोडलेलं तट्टू दिवसभरात आपल्या वजनाच्या चार टक्के, काही तट्टं तर पाच टक्क्यांपर्यंत चारा खातात, तेही गवतातलं पाणी वगळून मोजलं तर. त्यांची गरज दीड-दोन टक्क्यांची. मग ‘वर काही’ घालायची गरजच कुठे उरते? शेटलंड, वेल्श असली तट्टं शतकानुशतकं उजाड माळावर आणि कडाक्याच्या थंडीत जगली. उन्हाळ्यात अंगावर चढवायचं आणि हिवाळ्यात ते उतरवायचं, अशीच त्यांची घडण आहे. आपण त्यांना वर्षभर उन्हाळा देतो. उतरायचा महिना येतच नाही.

ठकी माझी. मुलीसाठी घेतली होती, मुलगी मोठी झाली, ठकी माझ्याजवळ राहिली. तिच्या सोबतीला दादाचा बाजी, उंच, म्हातारा, दाढा झिजलेला घोडा. कुरण आम्हा दोघांचं सामाईक. बाजीच्या बरगड्या दिसायच्या म्हणून दादा कुरण कायम मोकळं ठेवायचा, आणि बाजीला जे पुरत नव्हतं ते ठकीच्या अंगावर चढत होतं. तिच्या पाठीच्या मधोमध पन्हळ पडली होती. पाऊस पडला की पाणी दोन्ही बाजूंनी ओघळण्याऐवजी त्या पन्हळीतून शेपटीकडे वाहत जायचं. येणारेजाणारे म्हणायचे, काय तुकतुकीत ठेवलीय घोडी! दादाला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

पहिल्यांदा बोलला तो नालबंद. पुढचा खूर मांडीवर घेऊन त्यानं मला खाली वाकायला लावलं. खुरावरची वळी समोर जवळजवळ होती आणि टाचेकडे फाकत गेली होती. तळाला पांढरी रेघ ताणून रुंद झाली होती, तिच्यात जुन्या रक्ताचा तांबूस डाग. तो म्हणाला, “ताई, ही आतून दुखून गेलीय. तुम्हाला कळलं नाही, एवढंच.” त्या दिवसापर्यंत ठकी एकदाही लंगडली नव्हती. म्हणजे मी पाहिली नव्हती.

त्याच संध्याकाळी फीत काढली. फितीच्या मापांवरून वजन काढायचं सूत्र तुम्हाला ठाऊक असेलच: छातीचा घेर गुणिले तोच घेर गुणिले अंगाची लांबी (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत), सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८७७. घेर १५८, लांबी १२८. उत्तर २६९ किलो. तट्टांच्या बाबतीत हे सूत्र तंतोतंत नसतं, पण दर आठवड्याला त्याच वारी, त्याच हातानं मोजलं तर आकडा चढतोय की उतरतोय हे नक्की कळतं. डोळ्यांवर अजिबात विसंबू नका, रोज पाहणाऱ्याचे डोळे मरतात. हातानं चाचपा: मानेवरचा आयाळीखालचा कंगोरा, खांद्यामागचा गादीसारखा भाग, शेपटीचं मूळ, डोळ्यांवरचा खड्डा. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, दाबून शोधाव्या लागता कामा नयेत. संशोधक हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ ची अंगमापनाची पट्टी आहे, तिच्यात ५ म्हणजे बेताचं. ठकी ८ होती. तिच्या मानेचा कंगोरा हातानं हलवायला गेलं तर हलत नव्हता, इतका टणक झाला होता.

मी मुसकं आणलं. दादानं ते दुसऱ्या दिवशी काढून खुंटीला टांगलं. “मुक्या जनावराचं तोंड बांधतेस? पोटभर खाणं हाच त्याचा एक हक्क आहे.” मी म्हटलं, दादा, हिचं पोट भरल्याचं हिला कळतच नाही. तो म्हणाला, “नुसत्या गवतानं कोणी मेलंय का?” मी तो विषय सोडला आणि तारेचं कुंपण घालून कुरणाची एक पट्टी ठकीसाठी वेगळी काढली. बाजी पलीकडे. दहा-बारा दिवस बरे गेले.

मग एका रात्री बाजी तारेपाशी येऊन सारखा खिंकाळत राहिला. दादाला ते ऐकवेना. त्यानं तार गुंडाळून ठेवली, दोघांना एकत्र केलं आणि मला सांगितलं नाही. नवीन गवत नुकतंच भरात आलं होतं, आठवडाभर लख्ख ऊन आणि रात्री गार. असल्या हवेत गवत दिवसा साखर बनवतं, आणि गारठ्यात वाढ थांबल्यामुळे रात्री ती खर्च होत नाही, तशीच पात्यात आणि बुंध्यात साठत जाते. बाजीला त्याचं काही झालं नाही.

सकाळी ठकी पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. पुढचे दोन्ही पाय समोर ताणलेले, सगळा भार मागच्या पायांवर, मान खाली. मी हाक मारली, तिनं कान हलवले पण पाऊल उचललं नाही. मोहरकी धरून वळवायला गेले तर ती एकेक खूर तापलेल्या तव्यावर ठेवावा तसा ठेवत होती. पुढच्या पायाच्या घोट्यामागे दोन बोटं ठेवली. एरवी तिथे नाडी शोधावी लागते. त्या दिवशी ती बोटांना ढकलत होती.

लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांची दुखरी सूज. डॉक्टर आले, वेदनाशामक दिलं, छपराखाली जाड मऊ अंथरूण घालून तिला तिथे ठेवायला सांगितलं आणि गवत पूर्ण बंद करायला सांगितलं. यापुढचं जे आहे ते माझ्या हातून झालं, आणि ते मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुम्ही प्रश्नात शेवटी विचारलंय, ‘दोन-चार दिवस उपाशी ठेवलं तर चालेल का?’

नाही. चालणार नाही. मी तेच केलं. डॉक्टरांनी गवत बंद करायला सांगितलं होतं, वाळलेला चारा नव्हे. मी दादावर इतकी चिडले होते आणि तिच्या जाडीला इतकी घाबरले होते की दिवसाला दोन मुठी चारा टाकत होते. तिसऱ्या दिवशी ठकीनं त्या दोन मुठींकडेही तोंड फिरवलं. डोळे अर्धवट मिटलेले, लीद अगदी थोडी, सुकी. मला वाटलं, पाय दुखतायत म्हणून खात नाही. डॉक्टरांनी रक्त काढलं आणि नळी थोडा वेळ उभी करून ठेवली. लाल भाग खाली बसला. वरचा भाग, जो पिवळसर स्वच्छ दिसायला हवा, तो पाणी घातलेल्या दुधासारखा गढूळ होता. ती चरबी होती. जाड तट्टाच्या पोटात अन्न पडलं नाही की शरीर साठवलेली चरबी भसाभस रक्तात सोडतं. यकृताला ती आवरत नाही, आणि आजारी जनावर आणखी खाणं सोडतं. याला हायपरलिपिमिया म्हणतात. तट्टं आणि गाढवं यात चटकन सापडतात, गाभण आणि दूध देणाऱ्या माद्या तर सगळ्यांत आधी, आणि पुष्कळशी दगावतात. ठकी पाच दिवस सलाईनवर होती. नळीनं पातळ खाणं दिलं. ती वाचली. यात माझं श्रेय काही नाही.

दादा आजही म्हणतो, “तू उपाशी ठेवलीस म्हणून मरायला टेकली.” ते खरं आहे. पण त्याच्या त्या एका वाक्याआड तीन वर्षांचं मोकळं कुरण दडतं, ते मला सहन होत नाही. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून आल्या: चारा मोजायचा असतो हे दोघांनाही मान्य नव्हतं. त्यानं न मोजता घातला, मी न मोजता तोडला.

मोजायचं कसं, ते सांगते. वजन उतरवायचं असेल तर दिवसाचा एकूण चारा अंगाच्या वजनाच्या दीड टक्का, पाणी वगळून. २६९ किलोच्या ठकीला म्हणजे साधारण चार किलो. वाळलेल्या गवतातही दहा-पंधरा टक्के पाणी असतंच, म्हणून काट्यावर साडेचार किलोच्या थोडं वर. एवढ्यानं महिना-दीड महिना काहीच उतरलं नाही तर डॉक्टरांना विचारून सव्वा टक्क्यापर्यंत खाली यायचं. त्याच्या खाली स्वतःच्या मनानं कधीही जायचं नाही. आठवड्याला अर्धा ते एक टक्का वजन उतरलं तर पुरे. दोन-अडीचशे किलोच्या तट्टाला म्हणजे आठवड्याला एक ते अडीच किलो. त्याहून घाई करू नका. आणि काटा वापरा. हातानं उचललेला ‘एक भारा’ कधी दोन किलोचा निघतो, कधी साडेतीनचा. मी दोन्ही तोलून पाहिलेत.

आता तुमची खरी अडचण. दिवसरात्र गवतावर असलेल्या तट्टानं किती खाल्लं हे मोजताच येत नाही. त्यामुळे वाळलेल्या चाऱ्याची कितीही बेरीज करा, शेजारी हिरवं मोकळं असेल तर तिला अर्थ नाही. आधी गवत आवरा, मग उरलेलं काट्यावर भरून द्या. तबेला नसला तरी अडत नाही. आम्ही कुरणाच्या कडेकडेनं आतून दुसरी तार मारली आणि तीन-चार मीटर रुंदीची गल्ली केली, सगळ्या कुरणाला वळसा घालणारी. गल्लीतलं गवत लवकरच संपतं. पाणी एका टोकाला, चाऱ्याच्या बारीक भोकांच्या जाळ्या दूर दूर पाच-सहा ठिकाणी. तट्टू दिवसभर चालत राहतं, आणि चालणं हे त्याचं औषध आहे. मधलं गवत वाढू द्यायचं. ते कापून सुकवा, किंवा दुसऱ्या जनावरांना घाला. नाहीतर पट्टीपट्टीनं द्या: पुढची तार रोज अर्धा-एक मीटर सरकवायची, त्याहून जास्त नाही.

एक चूक मात्र सगळेच करतात. कुरण खुरडून जमिनीलगत आणलं की ‘आता यात खायला काही नाही’ असं समजतात. थंड हवेतल्या गवतांची साखर बुंध्याशी साठते, आणि तट्टू नेमका तोच बुंधा कुरतडत राहतं, वर माती पोटात जाते ती वेगळीच. आखूड कुरण म्हणजे उपाशी कुरण नव्हे. दुसरी चूक, दिवसात फक्त तीन तास सोडणं. तट्टं हुशार असतात, वेळ थोडा आहे हे त्यांना आठवड्यात कळतं आणि त्या तीन तासांत ती दिवसाच्या खाण्याचा मोठा हिस्सा उरकतात. सोडायचंच असेल तर पहाटेपासून सकाळच्या कोवळ्या उन्हापर्यंत सोडा, गवतातली साखर तेव्हा सगळ्यांत कमी असते. रात्री हिमकण पडले असतील तर मात्र त्या सकाळी अजिबात सोडू नका. दुपार उलटल्यावर तर कधीच नको.

आता मुसकं, कारण प्रश्न त्याचाच होता. घाला. बेधडक घाला. नीट बसलेलं मुसकं खाणं बंद करत नाही, घास बारीक करतं. तट्टू तेवढाच वेळ चरतं, सोबत्याबरोबर हिंडतं, पाणी पितं, फक्त पोटात पुष्कळ कमी जातं. ठकीला पहिले दोन दिवस राग आला, तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सापडली: पातं भोकाशी येईपर्यंत तोंड जमिनीवर दाबायचं आणि हळूच ओढायचं. यात क्रौर्य कुठे आहे? क्रौर्य मी टाकीपाशी उभं राहिलेलं पाहिलंय, पुढचे पाय ताणून. मुसकं पाहून कळवळणाऱ्या कुणीही एकदा त्या सकाळची ठकी पाहायला हवी होती.

पण ते घालायचं नीट. ओठ आणि तळ यांच्यात अंगठ्याएवढी फट, गालांना घासणार नाही इतकं सैल, आणि कुठे अडकलं तर सुटून येईल असा पट्टा. दिवसातले दहा-बारा तास, चोवीस तास कधीच नाही. ते घालून पाणी पिता येतं की नाही हे पहिल्या दिवशी उभं राहून पाहा. गवत फार आखूड असेल तर पातं आत येत नाही, फार लांब असेल तर ते आडवं पडतं आणि तेव्हाही येत नाही. रोज काढून नाक-हनुवटी तपासा. आणि मुसकं काढलेल्या तासांत मोकळं कुरण दिलंत तर बारा तासांची मेहनत एका फेरीत वाया जाते. त्या वेळेत गल्लीत ठेवा, जाळीतला चारा द्या.

वाळलेलं गवत भिजवून द्या. भिजवल्यानं त्यातली थोडी साखर पाण्यात उतरते. किती उतरते ते गवतागवतावर आहे, त्यामुळे भिजवलं म्हणजे निर्धोक झालं असं धरू नका. जमलं तर चारा तपासून घ्या, साखर आणि पिष्ट मिळून दहा-बारा टक्क्यांच्या आत असावं. उकाड्यात तासभर भिजवणं पुरे, जास्त ठेवलं की आंबतं. थंडीत रात्रभर चालतं. वजन कोरडं असताना करा, पाणी फेकून द्या, आणि ते तट्टांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी फेका. भिजवण्यात क्षारही जातात, म्हणून वर क्षार-जीवनसत्त्वांचा कमी उष्मांकाचा पूरक खुराक लागतोच. ‘वर काही घालत नाही’ याचा अभिमान इथेही नको, कारण जाड जनावरसुद्धा आतून कुपोषित असू शकतं. दाढा चांगल्या असतील तर चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत स्वच्छ काड मिसळता येतं, हळूहळू दोन-तीन आठवड्यांत वाढवत, आणि पाणी भरपूर हवं, नाहीतर पोट तुंबतं.

दिवसाचा चारा एकदम टाकू नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत सुटत असतं, पोटात काही असो वा नसो. पाच-सहा तास तोंड रिकामं राहिलं की व्रणांचा धोका वाढतो आणि जनावर लाकूड, माती, दोर, काहीही चावायला लागतं. चार-पाच वाटे करा. सगळ्यांत मोठा वाटा रात्रीचा, दोन जाळ्या एकात एक घालून, म्हणजे तो पहाटेपर्यंत पुरतो.

ठकीला आठ महिने लागले. घेर १४७, लांबी १२७, सूत्रानं २३१ किलो. पहिले सहा आठवडे ती दिसायला तसूभर बदलली नव्हती, फक्त फीत खाली येत होती. मानेचा कंगोरा सगळ्यांत शेवटी मऊ पडला. त्या हिवाळ्यात मी तिला झूल घातली नाही. दादा नाराज झाला. पण जाड केसांच्या निरोगी तट्टाला थंडीत ऊब राखायला स्वतःची चरबी जाळू देणं हेच तर हवं असतं. वसंतात बरगड्या किंचित जाणवल्या पाहिजेत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता. दीड टक्क्याचा हिशेब सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तातलं इन्शुलिन तपासून घ्या. तट्टाचं वय पंधराच्या वर असेल तर कुशिंगची (उतारवयात होणाऱ्या संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणीही करा, कारण मग नुसत्या चाऱ्यानं भागत नाही, रोजची गोळी लागते. मादी गाभण असेल किंवा दूध देत असेल तर यातलं काहीही स्वतःहून करू नका. पाय दुखत असतील तर फिरवायचं नाही. बरे असतील तर रोज फिरवा, घामेजेल इतकं. आणि दादाच्या बाजूनं एक सांगते: ती रात्र नसती तरी कदाचित पुढच्या महिन्यात हेच झालं असतं. खुरांवरची वळी त्याच्या आधीची होती, आणि ती पाहूनही मी पंधरा दिवस भांडणातच घालवले होते.

तुमची दोन्ही तट्टं सारखीच जाड आहेत की एकच, हे तुम्ही लिहिलं नाहीत. दोन्ही असतील तर सोपं आहे, एकच गल्ली, एकच हिशेब. एकच असेल तर बारीक असलेल्याचं खाणं आधी वेगळं करा, पण दोघांची ताटातूट करू नका, एकटं पडलेलं जनावर खाणं सोडतं. आमच्याकडे बाजी आणि ठकी एकाच गल्लीत असतात. बाजीची भिजवलेली मऊ चंदी तोबऱ्यात घालून त्याच्याच तोंडाला बांधतो, म्हणजे ठकीला शेजारी उभं राहूनही एक दाणा मिळत नाही. तोबरा दादा बांधतो, आणि तो काढून झाल्याशिवाय गल्लीतून हलत नाही.